लस दिलेला घोडा खोकतोय, आणि दादा म्हणतो कोणाला सांगू नको

प्रश्न थोडक्यात : एक ताई आणि त्यांचे मोठे भाऊ मिळून घोडेस्वारी शिकवतात. तबेल्यात अकरा घोडे, एक शिंगरू आणि सोबतीला एक गाढव. नऊ दिवसांपूर्वी एक घोडी विकत आणली, तिचे लसीचे कागद अर्धवट आहेत पण ती स्वतः ठणठणीत आहे. चार दिवसांपूर्वी तिच्या शेजारच्या ठाणावरचा घोडा कोरडं खोकायला लागला, खाणं सोडलं, ताप ४०.२ डिग्री सेल्सियस. काल दुसराही तापला. डॉक्टरांना फ्लूची शंका आहे, नाकातला स्वॅब पाठवलाय, रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येईल. भावाचं म्हणणं असं की लस दिलेली आहे म्हणजे फ्लू असूच शकत नाही, हवा बदलली की सर्दी होतेच, आठ दिवसांत घोडा बरा होतो. बारा दिवसांवर स्पर्धा आहे, तिथे जे घोडे चांगले आहेत ते न्यायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत बाहेर काही बोलायचं नाही. ताई विचारतात, "दादा माझ्यापेक्षा जास्त वर्षं घोड्यांत आहे, त्याला मी खोटं कसं पाडू? मी सगळीकडे सांगितलं आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर? आणि लस देऊनही हे होणार असेल तर लसीचा उपयोग काय?"

ताई, आधी घाईचं सांगते, मग बाकीचं निवांत बोलू. हे वाचून झालं की लगेच ठरवून टाका, तुमच्या तबेल्यातून आता एकही घोडा बाहेर जाणार नाही आणि बाहेरचा एकही आत येणार नाही. स्पर्धेला नाही, फेरफटक्याला नाही, गाडीत चढवून दुसरीकडे ठेवायला पण नाही. कित्येक जण इथेच चुकतात, आजारी घोडा दिसला की घाबरून बाकीचे "चांगले" घोडे ओळखीच्याकडे हलवतात आणि आजार स्वतःच्या हाताने तिकडे पोचवून येतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही आणि दादा दोघंही "फ्लू आहे की नाही" यावरच अडकून बसलायत असं मला पत्र वाचताना वाटलं. मला विचाराल तर पुढचे तीन दिवस या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला लागतच नाही. ताप आणि खोकला एका घोड्यावरून दुसऱ्यावर गेलाय, एवढं तुम्हाला आत्ताच माहितीये. फ्लू असेल तर घोडे वेगळे करावे लागतात, घोड्यांचा हर्पिस व्हायरस असेल तरी करावे लागतात (आणि त्यात गाभण घोडी गाभडते, काहींच्या मज्जासंस्थेवर जातो, म्हणजे तो फ्लूपेक्षा वाईट), स्ट्रँगल्स असेल, म्हणजे जबड्याखाली गाठी येऊन पिकतात तो आजार, तरीही करावे लागतात, आणि क्वचित ग्लँडर्स, म्हणजे घोड्यांचा एक जीवघेणा जिवाणूंचा आजार, निघाला तर तो माणसांना पण होतो. यातलं काहीही असो, आज करायची कामं तीच. म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तर मी उगाच ओरडले असं होईल ही भीती मनातून काढून टाका. शिवाय एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे फ्लू नाहीच असं धरून चालत नाही. हा व्हायरस नाकातून सगळ्यात जास्त पडतो तो तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि लस दिलेल्या घोड्यात तर तो कमीच पडतो, त्यामुळे स्वॅब उशिरा घेतला किंवा नाकात नुसता वरवर फिरवला तर काहीच मिळत नाही. डॉक्टरांना सांगा की काल तापलेल्या घोड्याचाही स्वॅब घ्या, त्याचा पीसीआर जास्त भरवशाचा येईल, आणि रक्ताचा एक नमुना आत्ता आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी असे दोन घेतले तर अँटीबॉडी वाढल्या का ते मागाहून सुद्धा कळतं.

लसीचं बोलते, कारण दादांचं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. फ्लूची लस काम करतेच, खूप करते, पण ती घोड्याभोवती भिंत बांधत नाही. लस झालेल्या घोड्याला व्हायरस लागू शकतो, फक्त ताप कमी चढतो, खोकला कमी दिवस राहतो, फुफ्फुसापर्यंत जायची शक्यता कमी होते आणि नाकातून व्हायरस कमी आणि कमी दिवस पडतो. म्हणजे घोड्याच्या दृष्टीने फायदाच फायदा. पण याचीच एक दुसरी बाजू आहे जी लोक लक्षात घेत नाहीत, थोडीफार प्रतिकारशक्ती असलेला घोडा दिसायला एकदम ठीक असतो, खातोय पितोय, आणि तरी दोन-चार दिवस व्हायरस सोडत राहू शकतो. तुमची नवीन घोडी अशी असू शकते. नसूही शकते बरं का, तिच्यावर लगेच खापर फोडू नका, नालबंद, भाड्याची गाडी, बाहेरून आलेला खरारा, कशानेही आलं असेल. पण "ती ठणठणीत आहे" हा ती निर्दोष असल्याचा पुरावा नाही, आणि स्पर्धेला न्यायच्या "चांगल्या" घोड्यांबाबतही तेच.

हे नुसतं तोंडाचं बोलणं नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पर्यंत हा आजार कधी आलाच नव्हता. त्या वर्षी बाहेरच्या देशांतून आणलेले घोडे सरकारी क्वारंटाईनमध्ये होते, लस झालेले, कागद पूर्ण. तिथून व्हायरस बाहेर निसटला, पुढे जी चौकशी झाली तिच्यात असं निघालं की बहुधा माणसांच्या अंगावरून, कपड्यांवरून किंवा सामानावरून तो बाहेर गेला असावा, कारण आत जाणारे-येणारे लोक नीट हात धुणं, कपडे बदलणं करत नव्हते. मग घोड्यांच्या एका कार्यक्रमात तो पसरला, लोक आपापले घोडे घेऊन घरी गेले आणि काही महिन्यांत १०,००० च्या आसपास ठिकाणी ७०,००० पेक्षा जास्त घोड्यांना लागण झाली. शर्यती, शो, वाहतूक सगळं ठप्प. घोड्यांची हालचाल कडक बंद करून आणि लसीकरण करून त्यांनी तो पुन्हा पूर्ण हद्दपार केला हे खरं, पण मी जेव्हा कोणाला "स्पर्धेला चांगलेच घोडे नेतोय की" म्हणताना ऐकते तेव्हा मला तो घोड्यांचा कार्यक्रमच आठवतो. तिथेही सगळ्यांनी चांगलेच घोडे नेले होते.

तर मग लस देऊनही तुमच्याकडे हे का झालं? पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की शेवटची लस चौदा महिन्यांपूर्वी दिली. मला वाटतं अर्धं उत्तर तिथेच आहे. फ्लूच्या अँटीबॉडी पटापट खाली येतात. पहिल्यांदा देताना दोन डोस साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, तिसरा पुढे पाच-सहा महिन्यांनी, आणि मग दर सहा ते बारा महिन्यांनी बूस्टर. जे घोडे सतत स्पर्धेला जातात, गर्दीत मिसळतात, लहान वयाचे आहेत, त्यांना सहा महिन्यांनीच. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा नियम पण याच धर्तीवर आहे, शेवटच्या बूस्टरला ६ महिने आणि २१ दिवसांपेक्षा जास्त होऊन चालत नाही आणि स्पर्धेच्या आधीच्या ७ दिवसांत लस दिलेली चालत नाही. तिसरा डोस बरेच लोक गाळतात, "दोन झाले की" म्हणून, आणि मग मधे एक भोक पडतं जिथे घोडा कागदावर लस झालेला असतो आणि प्रत्यक्षात अर्धा उघडा असतो. दुसरं म्हणजे व्हायरस बदलत राहतो. घोड्यांमध्ये सध्या फिरणारा प्रकार एच३एन८, तो १९६३ मध्ये पहिल्यांदा सापडला आणि आता त्याच्या फ्लोरिडा नावाच्या शाखेतले स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, फिरतात. लसीत खूप जुना स्ट्रेन असेल तर ती कमी पडते, म्हणून बाटलीवर कुठला स्ट्रेन लिहिलाय ते डॉक्टरांना विचारत जा, यात संकोच करण्यासारखं काही नाही.

आत्ता बाकीच्यांना बूस्टर द्यायचा का, हे डॉक्टरांवर सोडा. ज्यांना आधी पूर्ण कोर्स झालाय आणि जे अजून आजाऱ्यांच्या जवळ आलेले नाहीत त्यांना फायदा होऊ शकतो. तापलेल्या घोड्याला अजिबात नाही. आणि प्रत्येक घोड्याला वेगळी सुई, यात काटकसर नको.

मग ओळखायचं कसं कोण चांगलं आणि कोण नाही? खोकल्यावर भरवसा ठेवू नका, थर्मामीटरवर ठेवा. व्हायरस शिरल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत ताप येतो, आणि खोकला, नाकातलं पाणी हे बऱ्याचदा त्याच्यानंतर दिसतं. म्हणजे खोकला ऐकू येईपर्यंत तुम्ही उशीर केलेला असतो. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा ताप घ्यायचा, सगळ्यांचा म्हणजे शिंगराचा आणि गाढवाचा पण. काम करून आल्यावर लगेच नको, उन्हात उभा असेल तर नको, विसावल्यावर. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, त्याला एक दोरी आणि दुसऱ्या टोकाला चिमटा बांधा, तो चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा म्हणजे थर्मामीटर आत ओढला जात नाही की खाली पडून फुटत नाही. टोकाला थोडं व्हॅसलीन लावायचं, मागे उभं न राहता बाजूला, मांडीला खेटून उभं राहायचं, शेपूट बाजूला धरायची आणि थर्मामीटर किंचित तिरका करून आतल्या बाजूला टेकवायचा, मधेच लेंडीत रुतला तर आकडा खोटा येतो. मोठ्या घोड्याचा साधारण ३७.५ ते ३८.५ असतो, शिंगराचा थोडा जास्त. ३८.५ च्या वर गेला की तो घोडा वेगळा काढायचा, मग तो खोकत असो नाहीतर नसो. आजाऱ्यांचा आणि बाकीच्यांचा थर्मामीटर वेगळा ठेवा, आकडे भिंतीवर कागद लावून लिहा. आणि ताप मोजायच्या आधी कोणी ताप उतरवायचं औषध देत नाहीये ना हे बघा, सईस प्रेमापोटी देतात आणि मग सगळा तक्ता फसवा होतो.

वेगळं काढायचं म्हणजे दोन ठाणं सोडून बांधायचं असं नाही. घोडा जोरात खोकला की बारीक थेंब हवेत बऱ्याच लांब जातात, त्यामुळे एकाच छपराखाली लाकडी फळी मधे असून काही उपयोग नाही. वेगळी शेड, वेगळं पॅडॉक (कुंपण घातलेलं मोकळं आवार), निदान वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि जितकं जमेल तितकं लांब. पण मला तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून हवेपेक्षा जास्त काळजी पाण्याच्या पाईपची वाटते. एकच पाईप, सईस तो पहिल्या बादलीत बुडवतो, भरली की उचलून दुसरीत, मग तिसरीत, सगळ्या रांगेतून. पहिल्या घोड्याच्या नाकातलं जे काही पाण्यात पडलं ते अकराव्या बादलीपर्यंत जातं. पाईप बादलीच्या वर धरायचा, बुडवायचा नाही, एवढं आजच सांगा. तोबरा, लगाम, खरारा, नाक पुसायचं फडकं, हे प्रत्येकाचं आपापलं. आजाऱ्यांसाठी एकच माणूस ठेवा जो चांगल्यांकडे जाणार नाही, ते जमत नसेल तर आधी चांगले, मग संशयित, शेवटी आजारी आणि तिथून परत मागे फिरायचं नाही, हात साबणाने धुवायचे, कपडे-बूट बदलायचे. एक बरं आहे की हा व्हायरस तसा नाजूक आहे, साबण, डिटर्जंट, साधं जंतुनाशक यांनी मरतो, फक्त शेण-माती आधी घासून काढा, घाणीवर औषध ओतून काही होत नाही. माणसांना हा फ्लू सहसा लागत नाही, माणूस फक्त तो वाहून नेतो. कुत्र्यांना मात्र लागलेला आहे, २००४ मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये घोड्यांचाच एच३एन८ सापडला होता, म्हणून तबेल्यातलं कुत्रं आजारी घोड्यापाशी लुडबुडत असेल तर बांधून ठेवा.

गाढवाकडे जास्त लक्ष द्या ही माझी कळकळीची विनंती. गाढवांना आणि खेचरांना हा आजार घोड्यांपेक्षा जड जातो, न्यूमोनिया होऊ शकतो, आणि गाढव शेवटपर्यंत दाखवत नाही, गप्प उभं राहतं आणि आपल्याला वाटतं त्याचा स्वभावच आहे. शिंगराचंही तसंच, फार लहान असेल आणि आईकडून अँटीबॉडी मिळाल्या नसतील तर त्याला वेगाने न्यूमोनिया होतो.

आता दादांचं "आठ दिवसांत बरा होतो" हे वाक्य. त्यात ते पूर्ण चूक नाहीत, धडधाकट घोडा फ्लूने सहसा मरत नाही, ताप तीन-चार दिवसांत उतरतो, आठवड्या-दोन आठवड्यांत तो बरा दिसायला लागतो. खरी गोची इथूनच सुरू होते. श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, ते सतत हलत राहून धूळ, कफ, जंतू वर ढकलत असतात. फ्लूचा व्हायरस नेमकं तेच अस्तर सोलून काढतो. रोज अंगण झाडणारा माणूसच अंथरुणाला खिळला की कचरा साठतो तसं मग आत सगळं साठायला लागतं, आणि हे अस्तर परत उगवायला कमीत कमी तीन आठवडे लागतात. बाहेरून घोडा चकचकीत, आतून नळी उघडी. अशा वेळी त्याला दुडकीला घातलं, चौखूर सोडलं, की बॅक्टेरिया खाली फुफ्फुसात उतरतात, किंवा खोकला कायमचा मागे लागतो. म्हणून हिशोब असा धरतात की तापाच्या प्रत्येक दिवसाला एक आठवडा विश्रांती, आणि ताप एकच दिवस होता तरी तीन आठवडे. विश्रांती म्हणजे हलका राऊंड पण नाही, हाताने धरून थोडं चालवणं वेगळं. मग परत कामाला लावताना पण सावकाश.

औषधांबद्दल थोडक्यात. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, उरलेली इंजेक्शनं टोचू नका. पण ताप चार-पाच दिवसांपेक्षा लांबला, उतरून परत चढला, नाकातून घट्ट पिवळं-हिरवं यायला लागलं, किंवा निवांत उभा असताना श्वास जोरात चाललाय (मोठ्या घोड्याचा मिनिटाला ८ ते १६ असतो), तर तासाभराचीही वाट न बघता डॉक्टरांना बोलवा, मग अँटिबायोटिक लागू शकतं. बाकी चांगली हवा, सुकं गवत पाण्यात भिजवून, आणि खायला जमिनीवर, मान खाली गेली की कफ आपोआप बाहेर येतो. घोडा आत असताना झाडझूड करू नका.

राहिला लोकांना सांगायचा मुद्दा. ताई, तुम्हाला आणि दादांना वाटतंय की सांगितलं तर नाव जाईल. मला उलट वाटतं. २०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एका तबेल्यातले लस झालेले घोडे पॉझिटिव्ह निघाले आणि तिथे ६ दिवस सगळ्या शर्यती बंद ठेवल्या, हजारो घोडे तपासले आणि मग परत सुरू केल्या. एवढा मोठा धंदा थांबू शकला कारण लवकर कळलं. तुमच्याकडे येणारे विद्यार्थी दुसरीकडेही घोड्यांना हात लावत असतील, तुमचा नालबंद उद्या दुसऱ्या तबेल्यात जाणार आहे, त्या घोडीच्या जुन्या मालकाकडे कदाचित अजून घोडे खोकत असतील. नंतर त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर नाव खरंच जाईल. आणि भीती दाखवायची गरज नाही, रोगाचं नाव पण घ्यायचं नाही, एवढंच लिहा : "आमच्याकडे दोन घोड्यांना ताप आणि खोकला आहे. कारण कळायचंय, तपासणी चालू आहे. तोपर्यंत आम्ही क्लास आणि घोड्यांची ये-जा बंद ठेवली आहे. गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही इथे आला असाल तर आपल्या घोड्यांचा ताप दिवसातून दोनदा बघा. काही कळलं की लगेच सांगू." यात एकही शब्द असा नाही जो रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर मागे घ्यावा लागेल. घोड्यांचे काही आजार सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवावे लागतात, ते डॉक्टर कळवतील, तुम्ही फक्त विचारून घ्या.

दादांना खोटं पाडायची गरजच नाही. त्यांना घोडा कळतो, म्हणून त्यांच्याशी फ्लूवर वाद घालू नका, त्यांच्या हातात तापाचा तक्ता द्या आणि म्हणा, दादा, तू सांग यातला कुठला घोडा मी गाडीत चढवू. जो माणूस इतकी वर्षं घोड्यांत आहे त्याला सलग तीन दिवसांचे आकडे बघून, खाण्यात काय फरक पडलाय ते बघून, आपोआप दिसेल. स्पर्धेचं मी तुम्हाला स्पष्टच सांगते, ही सोडा. शेवटच्या घोड्याचा ताप-खोकला संपून साधारण दोन आठवडे झाले आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच घोडे बाहेर. बारा दिवसांत ते गणित बसतच नाही. प्रवेश फी जाईल, वाईट वाटेल, आयोजकांना फोन करून खरं कारण सांगा, त्यांनाही ते हवंच असतं.

आणि हे निस्तरलं की पुढच्या वेळेसाठी एकच नियम लावून घ्या, नवीन आलेला कुठलाही घोडा, कितीही छान दिसला, कितीही ओळखीतला असला, तरी पहिले दोन ते तीन आठवडे वेगळा, त्याची बादली वेगळी, रोज दोनदा ताप. त्या घोडीचे लसीचे कागद जुन्या मालकाकडून मागवा, नाही मिळाले तर तिला लस झालेलीच नाही असं धरून पहिल्या डोसपासून सुरुवात करा. कोणी घोडी गाभण राहिली तर तिचा बूस्टर विण्याच्या चार-सहा आठवडे आधी, म्हणजे चिकातून शिंगराला अँटीबॉडी मिळतात, आणि त्या अँटीबॉडी असेपर्यंत शिंगराला दिलेली लस नीट लागत नाही म्हणून त्याचा पहिला डोस साधारण सहा महिन्यांच्या पुढे. तुमच्या शिंगराचं वय पत्रात नाहीये, ते आणि आज संध्याकाळचे सगळ्यांचे तापाचे आकडे डॉक्टरांना पाठवून द्या, गाढवाचा विसरू नका.